बटणाचा जुना फोन थकलाय, तसला आता मिळत नाही. काय करावं?

विहिरीवरचा:

नमस्कार मंडळी. आधीच सांगतो, घरात स्मार्टफोन दोन आहेत आणि हे त्यातल्याच एकावरून लिहितोय. त्यामुळं "काका, स्मार्टफोन घ्या" हे उत्तर कृपा करून नको.

मी कराड तालुक्यातला. ऊस, थोडं सोयाबीन, विहिरीवर पाच एचपीची मोटर. माझ्याकडं नोकिया १२८० आहे, २०११ च्या दिवाळीआधी कराडला स्टँडजवळ घेतलेला. काळी-पांढरी स्क्रीन, डोक्यावर टॉर्च, रबरी बटणं. एवढ्या वर्षांत तो दोनदा पाटात पडला, एकदा बैलगाडीच्या साटीवरून खाली आला आणि एकदा बायकोनं सदऱ्यासकट भिजवला. प्रत्येक वेळी बॅटरी काढून दोन दिवस उन्हात ठेवला की उठून बसायचा.

आता मात्र थकला. स्क्रीनच्या कोपऱ्यात काळा डाग आलाय, तो सरकत सरकत घड्याळापर्यंत पोचला. चार्जरची पिन ढिली, काडीचा तुकडा खोचून चार्ज करतो. हे सगळं चाललं असतं. पण १ नंबरचं बटण दबेनासं झालंय. तीन-चारदा दाबावं तेव्हा एकदा लागतं.

शहरातल्या माणसाला वाटेल, एका बटणाचं एवढं काय. तर आमच्या मोटरीला मोबाईलची पेटी आहे. पेटीत सिम असतं. आपण फोन लावायचा, पेटी उचलते, १ दाबलं की मोटर चालू, ० दाबलं की बंद. मग आतली बाई सांगते, "मोटर चालू झाली आहे." थ्री फेज लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या पाळीला लाईट साडेबाराला आली की घरातून मोटर सुरू करायची आणि खोरं घेऊन दारं धरायला जायचं. पाणी शेवटच्या सरीला पोचलं की तिथूनच फोन लावून बंद. विहीर तिथून तीनशे पावलांवर, मधे ओढा. पेटी यायच्या आधी हा ओढा रात्रीत चारदा ओलांडायचो.

म्हणजे १ गेला तर माझी मोटर गेली.

आणि हे सगळं चालतं अंधारात, ओल्या हातानं. एका हातात खोरं, दुसऱ्या हाताला चिखल. ५ च्या बटणावर बारीक उंचवटा असतो ना, त्यावर अंगठा ठेवला की बाकीची बटणं न बघता सापडतात. टॉर्चसाठी वरचं बटण दोनदा. गेल्या साली सरीत घोणस बसली होती. टॉर्च लावायला मला डोळ्याची पापणी लवायला लागते तेवढाच वेळ लागला. मुलानं त्याचा टच फोन एकदा रात्री हातात दिला होता. ओल्या बोटाला तो दादच देईना. पुसायला अंगावर कोरडं असं काही नव्हतं. पाणी दुसऱ्याच्या वाफ्यात गेलं आणि सकाळी शेजाऱ्याचं बोलणं खाल्लं ते वेगळं.

दुकानात जाऊन आलो. पोरगा म्हणाला, "काका, हे मॉडेल बंद होऊन जमाना झाला." तीन फोन दाखवले. पहिल्याची बटणं म्हणजे एकच सपाट पत्रा, १ कुठं संपतो आणि २ कुठं सुरू होतो ते बोटाला कळेना. दुसऱ्याचा स्पीकर एवढा मोठा की लग्नात लावावा, पण टॉर्च मेनूत जाऊन, तिथून टूल्समधे जाऊन. तोवर घोणस घरी जाईल. तिसरा बरा वाटला, पण रंगीत स्क्रीन उन्हात नेली तर काहीच दिसेना. माझ्या १२८० ची स्क्रीन भर दुपारी बांधावर सगळ्यात चांगली दिसते. हे त्या पोराला सांगितलं तर तो हसला.

मग मुलानं ऑनलाइन "नवा कोरा १२८०" मागवला. अकराशे रुपये. खोक्यात आला, प्लास्टिक लावलेलं. एकोणीस दिवस चालला आणि स्क्रीन गेली. आता विकणारा फोन उचलत नाही.

तर विचारायचं असं:

हा दुरुस्त होईल का, आणि करण्यात अर्थ आहे का?
नवा घ्यायचा तर बोटाला कळतील अशी बटणं आणि एका बटणावर टॉर्च असलेला कुठला?
फोन बदलला तर पेटी मला ओळखेल का? पेटीत माझा नंबर बसवून द्यायला माणूस आला होता, तो आता दुबईला गेला.
आणि गावात सगळे म्हणतात २जी बंद होणार. झालं तर नुसता फोन बदलून भागेल का?

माझं सिम एअरटेलचं आहे, पेटीतलं पण एअरटेलचंच.


निवांत_पुणेकर:

काका, तुम्ही आधीच नको म्हणालात तरी लिहितो. वॉटरप्रूफ स्मार्टफोन येतात आता, आणि ॲपवर चालणारे मोटर स्टार्टर पण. एकदाच खर्च, मग कटकट नाही. कधी ना कधी बदलावंच लागणार.


विहिरीवरचा:

फोन वॉटरप्रूफ असेल हो, माझं बोट नाही. ओल्या बोटाला टच स्क्रीन नीट चालत नाही, ही तक्रार आहे. आणि ॲपला नेट लागतं. आमच्या विहिरीवर कॉल लागतो, नेट लागत नाही. नेटसाठी चिंचेखाली जावं लागतं आणि चिंच ओढ्याच्या अलीकडं आहे.


पॅनलवाला:

दादा, मी पुण्यात अठरा वर्षं मोबाईल दुरुस्ती करतोय. स्मार्टफोनचं डिस्प्ले बदलणं हे हल्ली पोटाचं काम. तुमचा प्रश्न वाचून मात्र हात शिवशिवले, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी ते १ नंबरचं बटण. वरचं रबर खराब झालेलं नसतं. रबराखाली बोर्डावर प्रत्येक बटणासाठी पत्र्याची एक बारीक फुगीर टिकली असते, पारदर्शक पट्टीवर चिकटवलेली. बटण दाबलं की टिकली खाली बसते, बोर्डावरच्या दोन रेषा जोडल्या जातात, आणि "टक्" वाजतं. तुमच्या पेटीसाठी हजारो वेळा १ दाबला गेलाय. ती टिकली एक तर दमली, किंवा तिच्याखाली चिखलपाण्याचं हिरवं बसलंय. हिरवं असेल तर स्पिरिटनं साफ करून काम होतं. दमली असेल तर टिकली बदलायची. कराडमधे जुना हात असलेला कुणीही कारागीर हे अर्ध्या तासात करेल. माझ्याकडं मी दीडशे घेतो.

टिकली आणायची कुठून? तुम्ही अकराशे रुपये वाया गेले म्हणताय ना, तो फोन फेकू नका. स्क्रीन गेली असली तरी त्याच्या टिकल्या, माईक, रिंगर, चार्जिंगची पिन, सगळं शाबूत असणार. त्याचं अंग काढून तुमच्यात घाला. चार्जिंगची पिन पण त्यातच निघेल, काडी खोचायचं बंद होईल. असले पिन-माईक इथे तपकीर गल्लीत हिंडून शोधावे लागतात, तुम्हाला घरपोच आलेत म्हणा.

तो "नवा कोरा" नवा नव्हताच. जुने बोर्ड गोळा करून त्यावर नवं प्लास्टिक चढवतात, आम्ही त्याला "बॉडी बदललेला माल" म्हणतो. ओळखायची सोपी रीत: फोनवर *#०६# दाबायचं, पंधरा आकडी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळखनंबर, येतो. मग बॅटरी काढून खालच्या स्टिकरवरचा आकडा बघायचा. दोन्ही जुळले नाहीत तर उठून यायचं. सरकारी तपासणी पण आहे. एसएमएसमधे इंग्रजीत केवायएम, मग एक जागा सोडून तो पंधरा आकडी नंबर, आणि १४४२२ ला पाठवायचा. कुठल्या कंपनीचं कुठलं मॉडेल ते उलट येतं. एकदा एकानं माझ्याकडं आणलेल्या फोनचा नंबर पाठवला तर भलत्याच कंपनीचं नाव आलं होतं!

तुमच्या मूळ १२८० ची बॅटरी पण काढून बघा, स्टिकरवर "मेड इन इंडिया" असेल तर तो बहुतेक श्रीपेरुंबुदूरचा. चेन्नईजवळचा नोकियाचा कारखाना, २००६ ला सुरू झाला आणि १ नोव्हेंबर २०१४ ला बंद पडला. पुढं २०१६ मधे मायक्रोसॉफ्टनं नोकियाकडून घेतलेला बटणफोनचा धंदा विकून टाकला. तेव्हापासून नोकिया नावाचे फोन एचएमडी ही फिनलंडची कंपनी काढते, आणि २०२४ पासून इथे ती स्वतःच्या नावानं पण बटणफोन विकायला लागली. सांगायचं कारण, दुकानात "एचएमडी" नाव बघून चिनी समजून परत ठेवू नका.

बॅटरी. १२८० ला बीएल-५सीबी लागते. ती मिळाली नाही तर बीएल-५सी त्याच मापाची आहे, बसते. ५सी ही जातच मरणार नाही, कारण गल्लीतल्या छोट्या रेडिओत आणि स्पीकरमधे पण तीच घालतात. मात्र पन्नास रुपयांची घेऊ नका. आणि आत्ताची फुगलीय का ते बघायला टेबलावर आडवी ठेवून बोटानं गरकन फिरवा. सपाट बॅटरी अडते, फुगलेली भिंगरीसारखी फिरते. फिरली तर त्याच दिवशी बदला. २००७ मधे नोकियानं मात्सुशिता या जपानी कंपनीनं बनवलेल्या ४ कोटी ६० लाख ५सी बॅटऱ्या बदलून देतो म्हणून जाहीर केलं होतं, चार्ज करताना तापतात म्हणून. तेव्हा मी या धंद्यात नवा होतो. दिवसभर लोक बॅटरीमागचा नंबर तपासून घ्यायला यायचे, फोन दुरुस्तीला एक नाही. मालक वैतागून दुकान लावून चहाला जायचा.

पेटी तुम्हाला ओळखेल. ती फोन ओळखत नाही, कुणाच्या नंबरावरून कॉल आला ते बघते. सिम तेच असलं की झालं. दुबईच्या माणसाला त्रास नको.

नवा फोन घेताना दुकानातच एक करा. कुठल्याही कस्टमर केअरला फोन लावा, "मराठीसाठी अमुक दाबा" आलं की ते दाबा. मराठी सुरू झाली म्हणजे कॉल चालू असताना बटणाचा सूर पलीकडं पोचतोय. तुमची पेटी त्याच सुरावर चालते. हे न बघता फोन घेऊन गेलेला एक द्राक्षवाला माझ्याकडं तीनदा येऊन गेलाय. बटण दाबल्याचा आवाज त्याला ऐकू यायचा, पेटीला नाही.


आबोली_कुडाळ:

पॅनलवाल्यांनी सगळं सांगितलंच आहे, मी फक्त माझी फजिती सांगते, म्हणजे तुमची होणार नाही.

माझ्या बाबांचा असाच जुना नोकिया होता. वय ७९, मोतीबिंदू एका डोळ्याचा झालाय, दुसऱ्याचा राहिलाय. नवीन फोन आणला आणि मी हुशारी करून जुन्यातली सगळी नावं "कॉपी टू सिम" केली. आमची नावं देवनागरीत होती, मीच बसून टाइप केलेली. आणि सिममधे मराठी अक्षरांना जागा इंग्रजीच्या निम्मी पण मिळत नाही. "मोठी मावशी मालवण" आणि "मोठी मावशी मुंबई" दोघी झाल्या "मोठी माव". काने, मात्रा, वेलांट्या सगळ्या एकेक अक्षर धरतात. बाबांनी मालवणच्या मावशीला म्हणून मुंबईला फोन लावला आणि "बांगडे इले काय गे?" विचारलं. ती बिचारी दादरला, तिला वाटलं ह्यांका काय झाला.

तर काका, सिममधे टाकायचंच असेल तर आधी जुन्या फोनमधे नावं आखूड करा, फरक पहिल्या सहा-सात अक्षरांत आला पाहिजे. किंवा सरळ वहीत उतरवून घ्या आणि नव्या फोनमधे हातानं भरा. मी शेवटी तेच केलं. १४० नंबर होते, त्यातले ३१ जण वारलेले निघाले. बाबा एकेक नाव ऐकून "ठेव, ठेव" म्हणत होते. मी ठेवले.

दुसरं, दाबून धरायचे नंबर पुन्हा बसवावे लागतात. बाबा २ दाबून धरायचे की मला फोन. नव्यात २ वर काहीच नव्हतं. चार दिवस ते माझी वाट बघत बसले आणि मी त्यांची.


खोडवा:

दोन गोष्टी पटकन. ४जी बटणफोन घेणार असाल तर जिओभारत स्वस्त आहे पण त्यात जिओचंच सिम चालतं, तुमचं एअरटेल त्यात घालता येणार नाही. आणि जुनं मोठं सिम १४ वर्षांचं असेल तर ते ४जी नसणार, एअरटेलच्या गॅलरीत जाऊन बदलून घ्यावं लागेल, नंबर तोच राहतो. बदललं की जुनं लगेच मरतं, म्हणून लाईटच्या रात्रपाळीच्या आठवड्यात करू नका. मी केलं होतं. नवं सिम चालू व्हायला संध्याकाळ झाली आणि हातात टॉर्च घेऊन ओढ्यातून गेलो.

४जी वर चार्जिंग पण लवकर उतरतं. तुमचा १२८० आठवडा काढत असेल, हा दोन-तीन दिवस.


विहिरीवरचा:

आठवडा नाही, आता चारच दिवस काढतो. बॅटरी फिरवून बघितली. भिंगरी! नातवाला खेळ मिळाला होता, काढून घेतली.

पण २जी चं कुणी बोललं नाही.


पॅनलवाला:

बोलायचं राहिलं खरं. एअरटेलनं २०२० मधे ३जी बंद केलं आणि २जी ठेवलं. उलटं वाटतं, नाही? ३जी वाले ४जी वर गेले, पण तुमच्यासारखे बटणवाले २जी वरच होते. आणि नुसती माणसं नाहीत, तुमच्यासारख्या पेट्या, स्वाइप मशीन, गाड्यांचे ट्रॅकर, सगळे २जी वर बोलतात. जिओ २०१६ ला आलं तेच ४जी घेऊन, त्यांच्याकडं २जी कधी नव्हतंच. म्हणून जिओचं सिम तुमच्या १२८० मधे घातलं तर तो मुका.

म्हणजे तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर हे की फोनपेक्षा पेटीचा विचार आधी करा. पेटीच्या आत बघा, किंवा तिच्या पुस्तिकेत, २जी आहे का ४जी. जुनी असेल तर २जी च असणार. उद्या तुम्ही ४जी फोन घेतला तरी तो २जी च्या पेटीला फोन लावू शकतो, त्यात अडचण नाही, कॉल हा कॉल आहे. पण ज्या दिवशी टॉवरवरचं २जी जाईल त्या दिवशी हातात लाखाचा फोन असला तरी पेटी उचलणार नाही. तारीख कुणी सांगितलेली नाही, त्यामुळं घाबरून आजच पेटी बदलू नका. पुढच्या वेळी पेटी बिघडली की मात्र ४जी वालीच घ्या, जुनी दुरुस्त करत बसू नका.

माझा सल्ला विचाराल तर दोन्ही करा. १२८० दुरुस्त करून घ्या आणि एक ४जी बटणफोन आत्ताच घेऊन दिवसा वापरायला लागा. दिवसा म्हणजे दिवसाच. हाताला सवय झाल्याशिवाय रात्री नेऊ नका.


खोडवा:

आणि रिचार्ज. पेटीच्या सिमला नेटचा पॅक मारत असाल तर पैसे जातायत. ट्रायनं, म्हणजे फोन कंपन्यांवरच्या सरकारी नियामकानं, डिसेंबर २०२४ मधे कंपन्यांना सांगितलं की नुसत्या कॉल-एसएमएसचे पॅक पण द्या, त्यानंतर जानेवारीत ते आले. मी घेतला तेव्हा एअरटेलचा वर्षाचा १८४९ ला होता. आजचा भाव विचारून घ्या. ३६५ दिवस पेटीकडं बघायला नको.


विहिरीवरचा:

पंधरा दिवसांनी लिहितोय, ऊस तोडीच्या टोळीमागं होतो.

कराडला एक म्हातारे कारागीर सापडले, भाजी मंडईच्या मागं, दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. १२८० उघडला तर आत १ च्या खाली हिरवं नाही, टिकलीला चीर होती. त्या ऑनलाइनच्या फोनमधली काढून बसवली, पिन पण बदलली. त्यांनी शंभर घेतले आणि त्या मेलेल्या फोनचा रिंगर "मला राहू द्या" म्हणून ठेवून घेतला. बॅटरीखाली बघितलं, मेड इन इंडिया आहे. १ दाबल्यावर आता असा टक् वाजतो की बायको आतून विचारते काय झालं.

४जी पण घेतला, देशी कंपनीचा, सोळाशेला. दुकानात डोळे मिटून सात फोन चाचपले. पोरगं बाहेर जाऊन मालकाला बोलावून आलं, त्याला वाटलं मला चक्कर आली. याची बटणं सुटी सुटी आहेत, ५ वर उंचवटा आहे. कस्टमर केअरला लावून मराठी दाबली, लागली. नावं वहीत उतरवून मुलीनं भरली, आबोलीताईंचं ऐकून. आमचे वारलेले नऊ. ते पण भरले.

पॅनलवाले, तुमचा एक सल्ला मात्र मोडला. पाचव्याच दिवशी नवा फोन रात्री नेला, कारण १२८० चार्जिंगला लावायचा विसरलो होतो. या नव्यात टॉर्चसाठी ० दाबून धरायचा. दिवसा पन्नासदा केलं होतं, चांगलं जमत होतं. रात्री एक वाजता बांधावरून पेटीला फोन लावला, १ दाबला, बाई म्हणाली, "मोटर चालू झाली आहे." पुढं वाट दिसेना म्हणून लगेच टॉर्चसाठी ० धरला. फोन अजून चालूच होता. बाई म्हणाली, "मोटर बंद झाली आहे." टॉर्च काही लागली नाही.

मी अंधारात उभा. पुन्हा १. चालू. पुन्हा सवयीनं ०. बंद. असं तीनदा झालं तेव्हा डोक्यात उजेड पडला.

पेटीचं बंद करायचं बटण ० ऐवजी दुसरं करता येतं का? पुस्तिका दुबईवाल्याकडंच राहिली.


पॅनलवाला:

दादा, दुकानात एकटाच हसतोय. काही पेट्यांत एसएमएस पाठवून बदलता येतं, काहींत येत नाही. पेटीच्या झाकणाच्या आत मॉडेल लिहिलेलं असेल, त्याचा फोटो टाका, मग सांगतो. तोवर आधी लाल बटण, मग टॉर्च.


विहिरीवरचा:

फोटो उद्या टाकतो, आज रात्रपाळी आहे. १२८० च नेतोय.